काउंट पडल्यावर कोण येतं?

मुलाला रक्ताचा कर्करोग आहे असं कळलं, की घरातला पहिला प्रश्न देवाला असतो: आमच्याच लेकराला का? डॉक्टरांकडे याचं उत्तर नसतं. उत्तरं असतात ती भेटायला येणाऱ्यांकडे. कुलदैवताचं काही राहून गेलं असेल, कुणाची नजर लागली असेल, आईनं गरोदरपणात काही पाळलं नसेल. अशा श्रद्धेला गुन्हेगार लागतो, आणि तो बहुधा आईतच सापडतो. आधीच मोडलेल्या बाईवर हा भार टाकणं मला क्रूर वाटतं, मग ते कितीही मायेनं बोललेलं असो.

तरीही मुलाच्या आजारपणात श्रद्धेला काही जागाच नाही, असं मी म्हणणार नाही. ती जागा कळण्यासाठी हा आजार समजून घ्यावा लागतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियात, म्हणजे एएलएलमध्ये, पहिल्यांदा उतार पडलेला दिसला तो सिडनी फार्बर यांच्या बॉस्टनमधल्या कामातून. ते 1948 मध्ये प्रसिद्ध झालं. औषध पुरवणाऱ्या कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तो उतार तात्पुरता ठरला. आज मात्र श्रीमंत देशांत दहापैकी आठांहून अधिक मुलं बरी होतात. औषधं बहुतांशी जुनी आहेत, आपल्याकडेही मिळतात. पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिले काही महिने केमो आणि पाठीतली इंजेक्शनं, मग घरी रोज गोळ्या. मूल हसू-खेळू लागतं, गावाकडे पेरणी खोळंबलेली असते, थोरली मुलगी आजीकडे रडत असते, हातातले पैसे संपलेले असतात. अशा वेळी परळच्या कर्करोग रुग्णालयातली पुढची तारीख चुकते, मग त्यापुढचीही. गरीब देशांत मुलं दगावण्यामागे अर्धवट सुटलेले उपचार हे एक मोठं कारण आहे.

म्हणून शेजारीपाजारी देतात तो निव्वळ मानसिक आधार, असं कुणी म्हटलं की मला ते अपुरं वाटतं. दोन-अडीच वर्षं घर टिकवून धरणं हा उपचाराचाच भाग आहे.

माझ्या परिचयातलं मराठवाड्यातलं एक कुटुंब मुंबईत धर्मशाळेत राहिलं. आई जेमतेम शिकलेली. तिनं खोलीत कालनिर्णय टांगलं होतं. आज एक गोळी, उद्या दीड, हे तिनं तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीच्या उभ्या रेघांनी मांडलं होतं. दीडसाठी एक पूर्ण रेघ, एक अर्धी. एकादशीला ती कडक उपास धरायची. शेजारच्या खोलीतल्या बिहारच्या बाईनं तिच्यापुढे पोळी ठेवली आणि आपल्या हिंदीत बजावलं, तू पडलीस तर पोराला कडेवर कोण घेणार? तिनं उपास सोडला, विठ्ठलाला सोडलं नाही. पोराला बाहेरचं खाणं बंद होतं, तेव्हा त्याच बाईबरोबर तिनं सामाईक शेगडीवर वडे तळले. गावाकडे भावकीनं त्यांची पेरणी उरकली. ‘काउंट पडलाय’, म्हणजे मुलाच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्यात, असा निरोप गेला की गावचीच मुंबईत कामाला असलेली पोरं रक्तपेढीत हजर व्हायची. प्लेटलेट साधारण पाच दिवसच टिकतात, त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. ऐनवेळी जिवंत माणूसच यावा लागतो.

मुलगा बरा व्हावा म्हणून सुरुवातीला या आईनं नवस बोलले होते. पुढे ती देवाकडे आणखी काही मागेनाशी झाली. मागायचं ते माणसांकडे मागू लागली, आणि माणसं आली की देव आला असं म्हणू लागली. बुद्धिवाद्यांना हे खटकेल. उपचार थांबवून अंगारा लावणाऱ्याविरुद्ध मीही त्यांच्याच बाजूला उभा राहीन. पण जी श्रद्धा बाईला पुढच्या तारखेला पुन्हा रुग्णालयाच्या रांगेत उभं करते, तिच्याशी भांडायचं कशासाठी?

माणसांत देव पाहण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारा उभा केला. खारेपाटणला कीर्तन चालू असताना स्वतःच्या मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकलेला हा माणूस. त्यांच्या भक्तीत देवळातल्या मूर्तीपेक्षा परगावच्या माणसाला डोकं टेकायला मिळालेली जागा मोठी होती. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही कर्करुग्णांच्या कुटुंबांना आसरा देते.

सगळी मुलं बरी होत नाहीत. उपचार पूर्ण करूनही काहींचा आजार उलटतो. तेव्हा ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ हे वाक्य कुणाच्या ओठावर येता कामा नये. मुलाच्या आजारात गर्दी करणारी माणसं तेराव्यानंतर दिसेनाशी होतात, आणि मुलाचं नाव काढलं तर आईला त्रास होईल म्हणून कुणी ते उच्चारत नाही. बहुतेक आयांना ते नाव ऐकायचं असतं.

आणि ज्यांना भावकी नाही, मुंबईत गावची पोरं नाहीत, त्यांचं काय? आपल्या बोलण्यात ‘समाज’ म्हणजे पुष्कळदा जातच असते. एकट्या पडलेल्या आईपर्यंत तो पोचत नाही. सरकारी योजनेतून केमोचा खर्च निघतो, पण बुडालेली मजुरी, खोलीचं भाडं आणि रक्तदाता यांची सोय नशिबावर सोडलेली आहे. दहा दिवसांच्या मांडवासाठी घरोघर वर्गणी मागणाऱ्या गणेशोत्सव मंडळांकडे प्रत्येक गल्लीतला माणूस असतो. परळ-दादरच्या मंडळांनी रक्तगटानुसार प्लेटलेट देणाऱ्यांची यादी बारा महिने तयार ठेवावी आणि ती रुग्णालयांच्या समाजसेवा विभागात नेऊन द्यावी. याला मांडव लागत नाही, परवानगीही लागत नाही.