पाझर आटतो तेव्हा

सप्टेंबर २०२५ मधील गोष्ट. मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टीने हाहाकार उडाला होता. उभी पिके तर गेलीच, पण नदीकाठच्या शेतांतील मातीही खरवडून गेली. शाळेत मदतनिधी जमवायचे ठरले आणि नेहमीप्रमाणे डबा घेऊन आम्ही सातवीच्या वर्गात गेलो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला नाणे जाईल एवढी चीर. डबा पाहताच पहिल्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, इस बार किधर का है?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. आज कोणता तास आहे, असे ज्या सुरात मुले विचारतात त्याच सुरात त्याने विचारले. आम्ही मात्र चरकलो. कारण डबा हातात घेताना स्टाफरूममध्ये आमच्याही मनात हेच आले होते, 'पुन्हा?' मुलाने ते उघड बोलून दाखवले, एवढाच फरक.

आमच्या पिढीचे आयुष्य आपत्तींच्या तारखांनी आखलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा आम्ही शाळेतही जात नव्हतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. महिन्याभरापूर्वीच रमजान ईद होऊन गेली होती. अम्मीला न विचारता आम्ही ईदीचा मातीचा गल्ला फोडला, सत्तेचाळीस रुपये मोजले आणि शाळेत नेऊन दिले. त्या रात्री झोप लागली नाही. ढिगाऱ्याखालून कुणीतरी हाका मारत आहे असे वाटत राहिले.

त्यानंतर २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. २००५ चा महापूर आणि काश्मीरचा भूकंप. ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गेलेले माळीण. २०१८ चा केरळचा पूर, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा, २०२० चे निसर्ग वादळ, २०२१ मध्ये चिपळूण, महाड आणि तळिये. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान-सीरिया, जुलैमध्ये इर्शाळवाडी. आणि माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, त्याच ३० जुलैला, २०२४ मध्ये वायनाड. त्या दिवशी आम्ही फोनवर चिखलात रुतलेली घरे पाहिली, 'इन्ना लिल्लाहि' म्हटले आणि बोट पुढे सरकवले. रात्री झोप छान लागली.

गल्ला फोडणारा तो मुलगा आणि बोट सरकवणारा हा मास्तर, दोघेही आम्हीच. मधल्या काळात पगार वाढला, पाझर आटला. हा गुन्हा आहे काय?

मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी या अवस्थेचा पुष्कळ विचार केला आहे. सतत दुसऱ्यांचे दुःख हाताळणाऱ्या परिचारिका, समुपदेशक, मदतकार्यातील माणसे यांना एक प्रकारचा थकवा येतो, मन बधिर होते. आपण सामान्य माणसे प्रत्यक्ष ढिगारे उपसत नाही, तरीही बधिर होतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक या तिघांचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना एका कामाचा मोबदला म्हणून पाच डॉलर दिले आणि त्यातून आफ्रिकेतील भुकेल्यांसाठी काही द्याल का, असे विचारले. काहींना रोकिया नावाच्या एका लहान मुलीची हकीकत सांगितली, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली, त्यांनी १.१४ डॉलर दिले. तिसऱ्या गटाला रोकियाही सांगितली आणि आकडेवारीही. त्यांनी १.४३ डॉलर दिले. म्हणजे रोकियाच्या मागे लाखो माणसे उभी राहिली आणि रोकियाच्या वाट्याचे कमी झाले!

आमच्या वर्गातही असेच घडते. 'एका मुलाचे दप्तर वाहून गेले' म्हटले की मुली डोळे पुसतात. 'हजारो कुटुंबे बेघर झाली' म्हटले की मुले वहीत समास आखू लागतात.

याहून बोचरा निष्कर्ष डॅरिल कॅमेरॉन आणि कीथ पेन यांनी २०११ मध्ये मांडला. पीडितांची संख्या वाढली की माणसाचा कळवळा आपोआप संपतो असे नाही. आता आपल्याकडे काही मागितले जाईल, अशी अपेक्षा असली की तो स्वतःच आपल्या भावना आवरून धरतो. मागणे येणार नाही असे ठाऊक असेल तर तो खुशाल हळहळतो. हे वाचले आणि आमची चोरी पकडली गेल्यासारखे वाटले. वायनाडच्या दिवशी आमचे बोट थकव्याने सरकले की पुढच्या चित्राखाली खाते क्रमांक असेल या भीतीने? खरे उत्तर आम्हाला ठाऊक आहे.

थकवा या शब्दाआड आणखीही काही लपते. आमच्या मोहल्ल्यात २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तान-सीरियासाठी चादर फिरली. जुम्म्याच्या नमाजनंतर लोकांनी हात सैल सोडले, आखातात असलेल्यांनी तिकडून पैसे पाठवले. चांगलेच झाले. पन्नास हजारांहून अधिक माणसे तिथे गेली होती. पाच महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, आमच्याच रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची ती वाडी. पुन्हा चादर फिरवावी असे आम्ही जमातीत सुचवले तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, लोक थकलेत. आताच तर दिले." आम्ही मान डोलावली. त्या वेळी ते आम्हाला पटलेही.

आज विचार करतो तेव्हा वाटते, लोक खरेच थकले होते की दरडीखालची नावे आपली नव्हती? तीच दरड आपल्या एखाद्या मोहल्ल्यावर कोसळली असती तर थकवा आडवा आला असता काय? हा दोष एकट्या आपल्या समाजाचा नाही, प्रत्येक समाज मदत करताना हळूच नावे वाचतो. पण दुसऱ्यांच्या दोषाने आपला दोष धुतला जात नाही. जकातीचे हकदार कोण यावर उलेमांनी बारकाईने लिहिले आहे, ते आम्ही मानतो. परंतु सदक्याचा दरवाजा तर कोणत्याही दुःखितासाठी उघडा आहे. तो आम्ही लोटून घेतला आणि वर कडीला नाव दिले थकव्याचे.

आता नाण्याची दुसरी बाजू. आम्ही घेणारेही आहोत. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सर्वांच्या लक्षात आहे. त्याच पावसात आमच्या महाड तालुक्यात जुई, दासगाव येथे डोंगर खाली आले. आमचे गाव खाडीकाठचे. घरात छातीएवढे पाणी होते. सोळाव्या वर्षी आम्ही पहिल्यांदा मदतीच्या रांगेत उभे राहिलो. पहिल्या आठ दिवसांत ट्रकमागून ट्रक आले. बिस्किटे इतकी आली की गुरांना घातली. कपड्यांच्या गाठोड्यातून लग्नातली जरीची शेरवानी निघाली, बटणे नसलेले सदरे निघाले, एकेका पायाचे बूट निघाले. अब्बा त्या ढिगाकडे पाहून एवढेच म्हणाले, "लोकांनी माळे साफ केले." मदत करून उपकार बोलून दाखवणे किंवा घेणाऱ्याला दुखावणे याने दान वाया जाते, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. न बोलताही दुखावता येते, हे त्या दिवशी समजले.

पंधरा दिवसांनी ट्रक थांबले. आमची खरी अडचण तर त्यानंतर सुरू झाली. भिंती ओल्या, भातशेतीत गाळ, कॉलेजची फी थकलेली. पुण्याहून एक गृहस्थ आले होते, गावातील कुणाच्याच ओळखीचे नव्हते. पुढे सहा महिने दर महिन्याला त्यांची छोटीशी मनिऑर्डर गावच्या शाळेच्या नावे येत राहिली. त्यातून आमच्यासह सात मुलांची पुस्तके झाली. त्यांना दर महिन्याला आमच्यासाठी रडू येत होते काय? शक्यच नाही. तारीख आली की ते पैसे पाठवत होते, बस्स!

त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला काश्मीरचा भूकंप झाला. रमजान नुकताच लागला होता. नियंत्रण रेषेच्या दोन्ही बाजूंना माणसे गाडली गेली. आमच्या भिंतींची ओल अजून गेली नव्हती. तरीही उरी-तंगधारसाठी आमच्या गावातून कांबळी गोळा झाली, आणि ती नवी कोरी होती. एकेका पायाचा बूट कुणीही टाकला नाही. थकायचा अधिकार कुणाला असेल तर तो त्या वर्षी आम्हाला होता. पण रांगेत उभे राहिलेल्या माणसाला काय पाठवावे आणि काय पाठवू नये हे नेमके कळत होते.

उर्दूत 'हमदर्दी' म्हणतात, मराठीत 'सहानुभूती'. दोन्ही शब्दांची घडण सारखीच आहे. दुसऱ्याचे दुखणे आपलेही व्हावे, अशी दोन्हींची मागणी. मागणी थोर आहे, पण ती रोज पुरी करता येत नाही. रोज प्रत्येकाच्या मरणाने मरणारा माणूस सकाळी उठून वर्गात फळा पुसू शकणार नाही. डोळ्यांत पाणी आणायचा हुकूम कुणालाच देता येत नाही, स्वतःलाही नाही. म्हणून पाणी न येणे हा गुन्हा आहे असे आम्हाला वाटत नाही. पाणी आले नाही म्हणून हात आखडणे, हा मात्र आमचा निर्णय असतो आणि त्याचा जाब आम्हालाच द्यावा लागेल.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधील निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते, त्या संदर्भात पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. डबक्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून आपण थांबणार नाही, मग ते मूल हजारो मैल दूर असल्याने आपले कर्तव्य कमी कसे होते, असा त्यांचा सवाल. युक्तिवाद बिनतोड आहे. पण ज्याच्या वाटेवर दररोज नवे डबके आणि दररोज नवे मूल आहे, त्याने काय करावे? सगळे देऊन टाकायचे, की कंटाळून रस्ताच बदलायचा?

इथे आम्हाला जकातीची रचना आठवते. साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता, तिच्यावर एक चांद्रवर्ष, आणि चाळिसावा हिस्सा. या हिशेबात अश्रूंना कुठेही रकाना नाही. वर्षभरात तुमचे मन किती द्रवले, हे जकात विचारत नाही. आम्ही तरुण होतो तेव्हा ही कोरडी आकडेमोड वाटे. आता तिच्यातील शहाणपण जाणवते. गरिबाची भाकरी श्रीमंताच्या मनःस्थितीवर सोडायची नाही, असा तो बंदोबस्त आहे. पाझर आटला तरी पाट वाहता राहावा, यासाठी ही बांधबंदिस्ती.

अर्थात हिशेबाचाही एक धोका आहे. 'जकात दिली, आता सुटलो' म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. मन अजिबात न घालता दिलेल्या दानातूनच एका पायाचे बूट येतात. म्हणून मनाला कामातून मोकळे करून चालणार नाही, त्याचे काम बदलायला हवे. द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी मनाची परवानगी नको. काय द्यावे, केव्हा द्यावे, घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असे कसे द्यावे, हे पाहायला मन हवे. एवढे काम थकलेले मनही करू शकते.

त्या दिवशी सातवीच्या वर्गात आम्ही डबा टेबलावर ठेवला आणि मराठवाड्याची दोन-चार वाक्यांत माहिती दिली. मग मुलांनाच विचारले, आपण काय करावे? बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरले की डबा आता कुठल्या आपत्तीसाठी फिरवायचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो येईल, संकट असो वा नसो. एक रुपयापेक्षा जास्त आणायची सक्ती नाही, आणि कुणी किती टाकले हे पाहायचे नाही. ट्रक थांबल्यावर, म्हणजे आपत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात, तो उघडायचा. कुठे पाठवायचे हे मुले ठरवतील, मात्र ठरवताना तिथल्या माणसांची जात-जमात विचारायची नाही.

डिसेंबरमध्ये पहिल्यांदा डबा उघडला. तीनशे अठरा रुपये निघाले. एवढ्याशा रकमेने कुणाची वाहून गेलेली माती परत येणार नव्हती. मुलांनी वह्या पाठवायचे ठरवले आणि नव्याच घ्यायच्या, असे बजावून सांगितले. धाराशिव जिल्ह्यातील एका शाळेत आमच्या ओळखीचे शिक्षक आहेत, त्यांच्याकडे पार्सल गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही डबा घेऊन वर्गात शिरलो तेव्हा पहिल्या बाकावरील त्या मुलाने काही विचारले नाही. खिशातून नाणे काढले, चिरेतून आत टाकले आणि आपल्या गणितात डोके घातले. त्याच्या चेहऱ्यावर करुणा वगैरे काही दिसली नाही. आम्ही डबा पुढच्या बाकाकडे नेला.