रंगमंचावर घर कोणाचं?

जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा घरची मोलकरीण एडना टेबल आवरत असते. बश्या आणि शॅम्पेनचे ग्लास उचलून ती पोर्ट वाइनची सुरई आणि सिगारची पेटी मांडते. साल १९१२, गाव ब्रमली, घर बर्लिंग नावाच्या कारखानदाराचं. मुलीचं लग्न ठरलं आहे आणि होणारा जावई बर्लिंगहून वरच्या घराण्यातला, त्याच्याशी धंद्यात स्पर्धा करणाऱ्या बड्या उद्योजकाचा मुलगा आहे. खुशीत आलेला बर्लिंग जेवणाची तारीफ करतो, स्वयंपाकिणीला माझा निरोप सांग म्हणतो, आणि बायको त्याला चारचौघांत टोकते. असं बोलायचं नसतं. ती त्याच्यापेक्षा वरच्या थरातून आलेली आहे, हे प्रेक्षकाला तेवढ्यावरून कळतं. घरचा पैसा नवा आहे, रीत अजून अंगात मुरलेली नाही, एवढं सगळं एका टोकण्यात आलं. वर्गाविषयीचं एकही भाषण इथवर झालेलं नाही.

एडनाच्या वाट्याला अख्ख्या नाटकात मोजकी वाक्यं आहेत. त्यातल्या एकानं घराचा पाया हलतो : दारात पोलीस इन्स्पेक्टर आलाय.

इन्स्पेक्टर गूल सांगतो की ईव्हा स्मिथ नावाची तरुण मुलगी जंतुनाशक पिऊन तडफडून मेली. मग एकेकाची पाळी येते. बर्लिंगच्या कारखान्यात तिला आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळत. तिनं आणि तिच्या सोबतिणींनी पंचवीस मागितले, संप केला, तो मोडला आणि पुढाकार घेणाऱ्यांना बर्लिंगनं घरी बसवलं. पुढं ती कपड्यांच्या दुकानात लागली. तिथं अंगाला न शोभणारा पोशाख घालून पाहणाऱ्या बर्लिंगच्या मुलीला, शीलाला, तिचं हसणं झोंबलं आणि तीही नोकरी गेली. जावयानं तिला काही महिने सांभाळलं आणि सोडून दिलं. घरच्या मुलानं, एरिकनं, तिला गरोदर केलं. शेवटी ती स्त्रियांच्या धर्मादाय संस्थेकडं गेली, तर समितीत मिसेस बर्लिंग बसलेल्या. त्यांनी तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं.

ही ईव्हा रंगमंचावर एकदाही येत नाही. तिचा फोटो इन्स्पेक्टर एका वेळी एकालाच दाखवतो, त्यामुळे सगळ्यांनी पाहिलेली मुलगी एकच होती का, याचीही खात्री राहत नाही. प्रीस्टलींची ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. ती समोर आली असती तर प्रेक्षक तिच्यासाठी हळहळला असता आणि हळहळून मोकळा झाला असता. ती नाही, म्हणून नजर खुर्च्यांवर बसलेल्यांवरच खिळून राहते. त्यांनी काय केलं, कुठल्या शब्दांत त्याचं समर्थन केलं, आणि गूल खरा पोलीस नव्हता असं वाटताच त्यांचे चेहरे कसे खुलले, हे सगळं पाहावं लागतं. शीला आणि एरिक हादरलेले आहेत. आईवडील आणि जावई मात्र, बदनामी टळली, या आनंदात आहेत. फोन वाजतो आणि तो आनंदही टिकत नाही.

या सगळ्यांत मिसेस बर्लिंग सर्वांत नीट पारखून घ्यावी अशी व्यक्तिरेखा आहे. बाकीच्यांच्या हातून जे घडलं ते रागातून, वासनेतून किंवा हिशेबातून घडलं. बाईंनी मात्र आपलं सामाजिक कर्तव्य बजावलं. मदतीला कोण लायक, कोण नालायक, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडं होता आणि ईव्हानं आपलं नाव बर्लिंग सांगितल्याचा राग त्यांच्या मनात होता. हे नाटक १९४४-४५ च्या सुमारास लिहिलं गेलं हे लक्षात घेतलं की या एका पात्राचं वजन कळतं. सामाजिक सुरक्षेची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल १९४२ च्या डिसेंबरात आला होता. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्ष सत्तेवर आला आणि १९४८ च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. गरोदर, बेकार बाईला मदत मिळावी की नाही, हा निर्णय एका संभावित बाईच्या लहरीवर सोडायचा की तो कायद्यानं हक्क करायचा, हा त्या वर्षांतला खराखुरा राजकीय प्रश्न होता. प्रीस्टली १९४० मध्ये रविवारी रात्री बीबीसीवरून लाखो लोकांशी बोलत, त्यातही हा सूर होता. नाटक आधी १९४५ मध्ये सोव्हिएत संघात झालं आणि १९४६ मध्ये लंडनला आलं. राल्फ रिचर्डसन इन्स्पेक्टर झाले होते.

पुढं १९९२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये स्टीफन डाल्ड्री यांनी हे नाटक नव्यानं बसवलं. त्यांनी बर्लिंगचं घर रस्त्याच्या मधोमध खेळण्यासारखं उभं केलं, भोवती मुक्या माणसांची गर्दी आणली आणि शेवटाकडं ते घर डोळ्यांदेखत कोसळवलं. लेखकानं बाहेर ठेवलेली माणसं दिग्दर्शकानं आत आणली. कलकत्त्यातही या कथेला सहज घर मिळालं. १९६५ च्या ‘थाना थेके आसछी’ या बंगाली चित्रपटात उत्तमकुमार इन्स्पेक्टर झाले. कारखानदार, धर्मादाय समिती आणि बंद दाराआडची अब्रू तिथंही होतीच.

वर्गाबद्दलच्या नाटकात कोण काय बोलतं याआधी एक गोष्ट ठरून जाते : पडदा कोणाच्या घरात उघडतो. ज्याचं घर उभं राहतं त्याला कारणं सांगायला तीन अंक मिळतात. ज्याचं घर विंगेत राहतं त्याच्याबद्दल फक्त ऐकायला मिळतं. मराठी नाटक हे फार काळ करत आलं आहे. दिवाणखानी नाटक म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्याचा दोष सोफा आणि पडद्यांचा नाही; त्या सोफ्यावर बसणाऱ्याखेरीज कोणाला तिथं फार वेळ थांबताच येत नाही, हा आहे.

विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ (१९८३) या दृष्टीनं पुन्हा पाहण्यासारखं आहे. समाजवादी पुढारी नाथ देवळालीकर यांची मुलगी ज्योती ही अरुण आठवले या दलित कवीशी लग्न ठरवते. नाथांना कोण आनंद! आयुष्यभर सांगितलेलं आता घरात घडणार असतं. पण सगळं नाटक देवळालीकरांच्या घरातच घडतं. अरुण येतो तो त्यांच्या दिवाणखान्यात, अवघडलेला आणि म्हणूनच टोचून बोलणारा. बापाच्या झोपडीचं वर्णन तो करतो, आपण ती पाहत नाही. तो ज्योतीला मारतो हेही कळतं ते याच खोलीत. अखेरीस अरुणच्या आत्मचरित्रावर नाथ मनाविरुद्ध गौरवाचं भाषण करून येतात आणि ज्योती बापाला त्या खोटेपणाचा जाब विचारते. मग ती नवऱ्याकडं परत जाते, त्या घरी, जे प्रेक्षकाला शेवटपर्यंत दिसत नाही.

नाथांची उलटतपासणी इतक्या निर्दयपणे मराठीत क्वचितच झाली असेल. आपल्या तत्त्वाची किंमत दुसऱ्याच्या देहानं चुकवायची, ही सुधारकाची जुनी खोड तेंडुलकरांनी नेमकी पकडली. अरुणवर मात्र अन्याय झाला. त्याच्या वागण्याची कारणं शोधायला जी जागा लागते तीच त्याला दिलेली नाही. या नाटकामुळे आपल्या अंगावर चप्पल भिरकावली गेली, असं खुद्द तेंडुलकरांनी सांगितलं होतं. याच नाटकासाठी त्यांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. चप्पल भिरकावण्याचं समर्थन करता येणार नाही. पण माणूस दाखवला आणि त्याचं घर दाखवलं नाही, ही तक्रार त्या संतापात असेल, तर ती रास्त आहे.

जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्येच याच्या उलट केलं होतं. ‘तृतीय रत्न’मध्ये केंद्रस्थानी कुणबी जोडपं आहे. बाई गरोदर आहे, आणि जोशीबुवा ग्रहांची भीती घालून त्यांच्या तुटपुंज्या मिळकतीवर हात मारतात. विदूषक मध्येमध्ये येऊन प्रेक्षकाला ही लूट उलगडून दाखवतो. शेवटी ते जोडपं शिकायला निघतं. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडं पाठवलं होतं; तिथं ते नाकारलं गेलं आणि छापून यायला १९७९ साल उजाडलं. मराठी रंगभूमीची वाट त्या सव्वाशे वर्षांत दुसरीकडूनच गेली.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) मध्ये पडदा उघडतो तो मुंबईच्या गिरणगावातल्या चाळीच्या खोलीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, त्यातले सुमारे अडीच लाख कामगार, संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्यावरचा विश्वास आणि त्यानंतर न उघडलेली गिरणीची गेटं, हे सगळं धुरी कुटुंबाच्या मागं उभं आहे. थोरला बाबा साहित्यात, मोहन क्रिकेटात रमलेला, नरू टोळीच्या वाटेला लागलेला; मुलगी मंजू; आणि घर कसंबसं धरून ठेवणारी आई. मंगेश कदमांनी बसवलेल्या या प्रयोगात ज्योती सुभाष आई झाल्या होत्या. इथं प्रीस्टलींची मांडणी उलटी झालेली दिसते. बळी समोर आहेत, गिरणीमालक कुठंच नाही. आणि मालक हाताशी नाही म्हणून ही माणसं एकमेकांवर धावून जातात. भाऊ भावाला निकम्मा ठरवतो. वाटणी करायला पैसा नाही, तेव्हा दोषाचीच वाटणी होते. गिरणगावातच वाढलेल्या पवारांनी त्यांचा कैवार घेऊन त्यांना गोड केलेलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण बेसावध प्रेक्षक यातून पोरं वाया गेली एवढंच घेऊन घरी जाऊ शकतो, हा धोका या मांडणीत आहेच.

तो धोका लेखकाच्या कमतरतेतून येत नाही; या घरांचं भवितव्य ठरवणाऱ्याला चेहराच नव्हता, यातून येतो. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नं १९९१ साली गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानानं तिहेरी वाटणी ठरवली : शहरासाठी मोकळी जागा, सार्वजनिक घरबांधणी आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीनं ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती उरली. बांधकामांखालची जमीन त्यातून सुटली, आणि गिरण्यांच्या आवारात मोकळं असं होतंच किती? सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ही दुरुस्ती उचलून धरली. धुरींसारख्या हजारो घरांचं भवितव्य अशा एका कलमात ठरलं. बर्लिंगला निदान आपण कोणाला कामावरून काढलं ते आठवत होतं. कलम लिहिणाऱ्याला, त्यावर सही करणाऱ्याला आणि त्यातून टॉवर उभा करणाऱ्याला धुरींचं नावही ठाऊक असायची गरज नव्हती.

रंगमंचाला माणूस लागतो, चेहरा लागतो. म्हणून आजच्या नाटककारासमोरचं काम प्रीस्टलींपेक्षा अवघड आहे. तरी सामग्री मुबलक आहे. नियमावलीचे मसुदे आहेत, न्यायालयातले युक्तिवाद आहेत, घरासाठी वर्षानुवर्षं सोडतीची वाट पाहणारे गिरणी कामगारांचे वारस आहेत. खुद्द परळचं दामोदर नाट्यगृह, जिथं कामगारांच्या पिढ्यांनी स्वतःची नाटकं केली, ते २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. मसुदा लिहिणारा अधिकारी आणि चाळीतली आई यांना एका खोलीत, एकाच प्रसंगात, समोरासमोर बसवणारं नाटक कोणीतरी हाती घ्यायला हवं. आणि त्याचा पडदा त्या अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात उघडला तरी चालेल, आईला तिथं शेवटच्या अंकापर्यंत खुर्ची मिळाली तर.