आधी पाणी पसरू दे

पाटण सोडलं की पाऊस वाढत जातो. कोयनानगरला वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पडतो, आणि हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट लागला की जुलैमध्ये भर दुपारी दिवे लावून गाडी हाकावी लागते. याच कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर आप्पांचं गॅरेज होतं. उमेदीची वर्षं त्यांनी डेंटिंग-पेंटिंगमध्ये काढली, पुढे इंजिनकामात पडले. यंदा मे महिन्यात त्यांचा भाचा बाळ्या पुण्याहून नवीन काम शिकून आला. गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी न ठरू देणारं कोटिंग करायचं काम.

हे रसायन काही कालपरवाचं नाही. अमेरिकेत ते १९७० च्या दशकापासून बाटलीत भरून विकलं जातंय. पण वडाप चालवणाऱ्यांना ते नवलाचंच होतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून चिपळूणच्या फेऱ्या करणारे एक तात्या जीप घेऊन आले. बाळ्यानं ओल्या फडक्यानं काच पुसली, वर मगभर पाणी ओतलं. पाण्याचे थेंब थेंब झाले.

"मामा, बघा, काच आधीच चांगली आहे. घासायचं कामच नाही."

आप्पा दुसऱ्या गाडीखाली क्लचप्लेट काढत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "थेंब समदे सारखे हायत का रं?"

बाळ्याच्या हातात तोवर बाटली आली होती. पंधरा मिनिटांत काम आटोपलं.

पहिल्या पावसात तात्या खूश झाले. पाटणच्या अलीकडे रस्ता सरळ, गाडी साठ-सत्तरच्या वेगात, आणि काचेवर पडलेला थेंब वाऱ्याच्या रेट्यानं वर पळतोय, वायपर बंद! स्टँडवर त्यांनी ही गोष्ट दहा जणांना सांगितली. आठवडाभर बाळ्याला मान वर करायला फुरसत नव्हती. पोरगं कामसू होतं, लबाड अजिबात नव्हतं. घाई झालेली माणसं लबाडच असतात असं कुठं आहे?

मग जुलै लागला. एका रात्री तात्या नऊ माणसं घेऊन घाट उतरत होते. घाटात वेग वीस-पंचवीसचा, म्हणजे थेंब पळवायला वारा नाही. वायपर लावला तर तो खर्रर्र करत उड्या मारायला लागला आणि मागे फेसाटलेले पट्टे सोडायला लागला. समोरून ट्रक आला की प्रत्येक पट्टा पेटायचा आणि काच पांढरी व्हायची. मागच्या सीटवर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "दादा, काय दिसंना झालंय व्हय?" तात्यांनी गाडी कड्याच्या बाजूला दाबून उभी केली, खिशातली तंबाखू मळली आणि काचेवर चोळली. ट्रकवाल्यांचा हा जुना इलाज. तंबाखूनं पाणी थेंब न धरता सपाट पसरतं आणि त्यातून तेवढ्यापुरतं आरपार दिसतं. तसे ते चिपळूणला पोचले.

सकाळी गाडी गॅरेजच्या दारात होती. तात्या ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरा, तुझ्या बाटलीपरास माझी तंबाखू बरी."

बाळ्याचं तोंड उतरलं. तो धावत जाऊन बाटली घेऊन आला. "तात्या, अजून एक हात मारून देतो. पैसे नको."

आप्पांनी त्याचं मनगट धरलं. "थांब. आधी पाणी आण."

त्यांनी काचेच्या वरच्या कडेनं मग हळूहळू रिता केला. पुन्हा थेंब झाले. पण यावेळी आप्पांनी बाळ्याला काचेला नाक लागेल एवढं वाकवलं. एक थेंब वाटाण्याएवढा, शेजारचा मोहरीएवढा. काही वाकडेतिकडे, काहींनी खाली येताना मागे शेपूट सोडलेलं. मधेच एक डाग असा, की पाणी तिथं नुसतं चिकटून बसलेलं.

"अळवाचं पान बघितलंयस न्हवं? तिथं पाणी पानाला धरत न्हाई. आन् हितं? हितं पाणी निसटंना झालंय. ह्ये थेंब तुज्या औषधाचं न्हाईत. डिझेलचा धूर, रस्त्याचं ऑइल, त्येच्यावरनं वायपरनं फिरवलेला रबराचा काळा. चिकटा बी पाण्याचं थेंबच करतो."

"म्हणजे पहिल्या दिवशी मी बघितले ते..."

"त्येच. पत्र्याला प्रायमर मारायच्या आधी आमी पाणी वतून बघायचो. पाणी फाटलं की समजायचं, पत्रा अजून तेलकट हाय."

पुढचे दोन तास बाळ्यानं जे केलं ते पुण्यात त्याला शिकवलेलंच होतं. शाम्पूनं धुणं, मग काच ओली ठेवून क्ले बार फिरवणं. चिकणमातीसारखा तो गोळा आधी करकर वाजत होता, मग आवाज गेला आणि गोळा काळा झाला. त्यानंतर सेरियम ऑक्साइडची फिकट पिवळी पावडर पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडनं घासणं, तेही एका वेळी तळहाताएवढाच भाग, आणि लगदा वाळू न देता. शेवटी स्पिरिट. त्यानं पाणी ओतलं. पाणी चादरीसारखं उतरलं, आणि ड्रायव्हरच्या बाजूला वायपरच्या कमानीत एक भोक पडलं. भोक मोठं होत गेलं. बाळ्यानं काही न बोलता पॅड उचललं. दुसऱ्यांदा वरच्या कोपऱ्यात फाटलं. चौथ्या वेळी पाणी वरपासून खालपर्यंत एकसंध उतरलं, आणि काचेवर पाणी आहे की नाही हे बोट लावल्याशिवाय कळेना.

"आता लाव," आप्पा म्हणाले.

तात्या खुर्ची ओढून बसले होते. ते म्हणाले, "आप्पा, काय उलटं काम चाललंय? पाणी ठरू नये म्हणून औषध, आन् तुमी तर काच पाण्याच्या गळ्यात घालताय."

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर काचेतच आहे. काच मुळात वाळूची. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांचे हात असतात, पाण्याला ओढून घेणारे. म्हणून स्वच्छ काचेवर पाणी पसरतं. कोटिंगमधलं सिलिकोन त्याच हातांना जाऊन घट्ट बसतं, आणि पाण्याला धरायला हात उरत नाही. हात चिकट्याखाली दडलेले असतील तर औषध चिकट्यावर बसतं आणि चिकट्याबरोबर निघून जातं. पाण्याला जी काच पूर्ण धरते, तीच पुढे पाण्याला पूर्ण सोडू शकते.

गाडी सावलीत, काच थंड आणि कोरडी. बाळ्यानं चौथा भाग धरून एकमेकांवर चढणारे गोल हात फिरवले, धुरकट साय आली की मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्यानं उजळवली, मग दुसरा हात दिला. तोवर आप्पांनी वायपरची कडक झालेली पाती काढून नवीन बसवली. "उद्या सकाळपातूर काच भिजवू नगा," त्यांनी तात्यांना बजावलं, "आन् घाटात वायपर चालूच ठेवायचा. साठच्या वर गाडी असंल तरच थेंब पळत्यात. औषध बघून पाय दाबू नगा."

त्या रात्री बाळ्यानं वहीतले सगळे नंबर काढले. त्या पहिल्या आठवड्यात ज्यांच्या काचा त्यानं अशाच उरकल्या होत्या, त्या प्रत्येकाला फोन केला. निम्म्यांची काहीच तक्रार नव्हती. त्यांनाही बोलावलं. श्रावण सरेपर्यंत तो संध्याकाळी फुकटात काचा घासत होता. आप्पांनी त्याला हटकलं नाही, पावडरचे पैसे तेवढे स्वतःच्या खिशातून दिले. मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचे वाटतात ते हेच फोन. ज्याची तक्रार नाही, त्याच्या काचेवर काय आहे हे फक्त करणाऱ्यालाच माहीत असतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्याची एक मोठी गाडी थांबली. साहेबांना कोकणात घरी पोचायचं होतं. "पंधरा मिनिटांत कोटिंग करून दे, बाबा. पुढे घाट आहे."

बाळ्यानं मगभर पाणी ओतलं, वाकून बघितलं. "आज नाही होणार, साहेब. पुसून, हवा आणि वायपर बघून देतो, सावकाश जा. कोटिंग करायचं तर गाडी रात्रभर ठेवावी लागेल."

"अरे, थेंब तर आत्ताच पडताहेत. मग अडचण काय?"

"अडचण तीच आहे," बाळ्या म्हणाला, आणि त्यांना काचेजवळ बोलावून दाखवायला लागला.

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी डिकीतून गणपतीच्या मखराचं सामान काढलं, चावी बाळ्याच्या हातात दिली आणि चिपळूणची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.