नाते मोडता येते का?

दोन सख्ख्या भावांपैकी एकाने 'हा माझा भाऊ नव्हे' असे चारचौघांत जाहीर केले, तर नाते संपते का? प्रश्न घरगुती वाटतो. पण डिसेंबर २०२३ मध्ये एका देशाच्या प्रमुखाने तो साऱ्या जगापुढे उभा केला. उत्तर कोरियाचे सर्वेसर्वा किम जोंग-उन यांनी आपल्या पक्षाच्या बैठकीत सांगितले की, दक्षिण कोरियाशी आता आपले रक्ताचे नाते राहिलेले नाही. ही दोन वैरी राष्ट्रे आहेत आणि पुन्हा एकत्र येण्याचा विषय संपला आहे. पुढच्याच महिन्यात राजधानी प्योंगयांगमधली पुनर्मीलनाची कमान पाडण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिणेकडे जाणारे रस्ते सुरुंग लावून उडवण्यात आले. वर्तमानपत्रांनी या लष्करी बातम्या म्हणून छापल्या. आम्हांला मात्र त्यांत एक नैतिक प्रश्न दिसतो, आणि कोरियातील ख्रिस्तसभा त्या प्रश्नाशी कशी झगडते आहे, हे आपल्या धर्मग्रामातील वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

मुळात हे भांडण भावांनी सुरू केलेले नव्हते. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येणार हे दिसू लागले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकन अधिकाऱ्यांना एका रात्री सांगण्यात आले की, रशियन फौजांना कुठवर येऊ द्यायचे ती रेषा सुचवा. हाताशी एका मासिकाचा नकाशा होता आणि वेळ जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यांनी ३८ व्या अक्षांशावर बोट ठेवले. ही रेषा कोणाच्या शेतातून जाते, कोणाचे माहेर पलीकडे राहते, हे पाहायला कोणाला सवड नव्हती. एकाही कोरियन माणसाला विचारले गेले नाही. (दोनच वर्षांनी आपल्या देशातही अशाच घाईने रेघ ओढली गेली.) १९४८ मध्ये रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन सरकारे स्थापन झाली आणि दोघांनीही सांगितले की, सारा कोरिया आमचाच.

२५ जून १९५० हा रविवार होता. त्या पहाटे उत्तरेचे सैन्य रेषा ओलांडून आले. पुढच्या नऊ महिन्यांत सोल शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेले. दर वेळी नव्याने आलेल्यांनी विचारले, 'आधीच्यांना कोणी कोणी मदत केली?' आणि दर वेळी माणसे मारली गेली. एका बाजूने अमेरिका आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या झेंड्याखालील इतर देश उतरले, दुसऱ्या बाजूने चीन. तीन वर्षांत लाखो माणसे मेली आणि रेषा जवळजवळ होती तिथेच राहिली. २७ जुलै १९५३ रोजी पानमुंजोम येथे युद्धविरामाचा करार झाला. दक्षिण कोरियाच्या सरकारने तर त्यावर सहीदेखील केली नाही. शांततेचा करार आजतागायत झालेला नाही. म्हणजे तोफा थांबल्या, युद्ध कागदावर चालूच आहे.

त्या युद्धानंतरचा एक प्रसंग आपल्या मातीशी जोडलेला आहे. हजारो युद्धकैद्यांनी मायदेशी परत जाण्यास नकार दिला होता. त्यांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला आणि त्याचे अध्यक्षपद भारताच्या जनरल थिमय्या यांच्याकडे आले. कैद्यांना सांभाळण्यासाठी भारतीय तुकडी गेली. तिचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना भारतीय सैनिक आपल्या भूमीवर पाऊल ठेवणे मान्य नव्हते, म्हणून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट सीमेवरच्या पट्ट्यात उतरवावे लागले. शेवटी ८८ कैदी असे उरले की त्यांना तटस्थ देशांतच जायचे होते. त्यांत बहुतेक कोरियन होते, काही चिनी. १९५४ मध्ये ते भारतात आले, आणि त्यांतले काही पुढे दक्षिण अमेरिकेला गेले. घरी भाऊच भावाला विचारतो, 'तू माझ्या बाजूचा की त्याच्या?' या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही, म्हणून या माणसांनी आपली भाषा कोणालाच समजत नाही अशा मुलखात जाणे पत्करले.

आज त्या सीमेवर सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद असा निर्मनुष्य पट्टा आहे. नाव 'लष्करमुक्त', आणि दोन्ही काठांवर जगातल्या सर्वांत मोठ्या फौजांपैकी दोन फौजा. उत्तरेकडे १० लाखांहून अधिक सैनिक. दक्षिणेत प्रत्येक धडधाकट तरुणाला सुमारे दीड वर्ष सैन्यात काढावे लागते. उत्तरेत हा काळ कित्येक वर्षांचा असतो. सीमेपासून सोल आहे अवघ्या पन्नासेक किलोमीटरवर. मार्च २०१० मध्ये 'चोनान' ही दक्षिणेची युद्धनौका बुडाली आणि ४६ नौसैनिक मेले. आंतरराष्ट्रीय चौकशीत उत्तरेच्या पाणतीराकडे बोट दाखवले गेले, उत्तरेने ते नाकारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात योनप्योंग बेटावर तोफगोळे पडले आणि चार जण गेले. २००६ ते २०१७ या काळात उत्तरेने सहा अणुचाचण्या केल्या. २०२४ मध्ये उत्तरेने कचऱ्याने भरलेले फुगे हजारोंनी पलीकडे सोडले, दक्षिणेने सीमेवर कर्णे लावून रात्रंदिवस प्रचार ऐकवला. (कचरा आणि कर्कश आवाज! शेजारच्या कुंपणावरून चालणारी भांडणे आठवावीत, इतके हे ओळखीचे आहे. २०२५ मध्ये नव्या सरकारने ते कर्णे उतरवले, हे चांगले झाले.)

अशा वेळी सोलमधल्या एखाद्या आईला 'शस्त्रे खाली ठेवा' असा उपदेश करणे सोपे नाही, आणि आम्ही तो करणार नाही. घरादाराचे रक्षण करण्याचा हक्क ख्रिस्तसभेने नेहमीच मान्य केला आहे. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संयुक्त राष्ट्रसंघाला पाठवलेल्या संदेशात म्हटले होते की, शस्त्रांच्या धाकावर टिकलेला समतोल हा निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरचा टप्पा असेल, तरच तो नैतिकदृष्ट्या चालवून घेता येईल. मुक्काम म्हणून नव्हे, टप्पा म्हणून. नोव्हेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस हिरोशिमाला गेले, तेव्हा ते आणखी पुढे गेले: अण्वस्त्र वापरणे तर पाप आहेच, ते बाळगणेही अनैतिक आहे. या दोन विधानांच्या मधल्या ३७ वर्षांत जगाने तो टप्पा ओलांडला नाही, तिथेच घर बांधले. आमच्या मते धोका केवळ बॉम्बचा नाही. बंदूक रोखून धरायची तर समोरचा माणूस परका वाटावा लागतो. सत्तर वर्षे नेम धरून उभे राहिल्यावर तो खरोखरच परका वाटू लागतो. दक्षिणेतील तरुणांना आता एकीकरणाचे फारसे अप्रूप राहिलेले नाही, असे तिथल्या पाहण्यांतून वारंवार दिसते. एकाने नाते मोडल्याचे जाहीर केले. दुसरा हळूहळू विसरतो आहे. यांतले कोणते अधिक वाईट, हे सांगणे कठीण आहे.

ज्यांना विसरता येत नाही ते म्हणजे ताटातूट झालेले लोक. पलीकडच्या आप्तांना भेटण्यासाठी दक्षिणेत १ लाख ३० हजारांहून अधिक जणांनी सरकारकडे नाव नोंदवले. २००० ते २०१८ या काळात भेटींच्या २१ फेऱ्या झाल्या. ऐंशी-नव्वदीतली माणसे बसने जात, चिठ्ठी काढल्याप्रमाणे निवड झालेली. दोन-तीन दिवसांत थोड्या तासांची भेट, आणि मग पुन्हा बस. खिडकीच्या काचेला दोन्ही बाजूंनी टेकवलेले हात जगाने छायाचित्रांत पाहिले. ऑगस्ट २०१८ नंतर एकही भेट झालेली नाही. नाव नोंदवलेल्यांपैकी बहुसंख्य आता या जगात नाहीत. कुमगांग डोंगरातले भेटीचे केंद्रही उत्तर कोरिया पाडत असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिणेच्या सरकारने सांगितले.

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळू. फ्रान्सिस होंग योंग-हो हे प्योंगयांगचे बिशप. जन्म १९०६ चा. मे १९४९ मध्ये कम्युनिस्ट सरकारने त्यांना अटक केली आणि त्यानंतर त्यांचे काय झाले हे कोणालाच कळले नाही. त्याच महिन्यात तोकवन येथील बेनेडिक्टाइन मठातले जर्मन आणि कोरियन मठवासी पकडले गेले. त्यांतले कित्येक तुरुंगात आणि छावण्यांत मरण पावले. उत्तरेत एकही धर्मगुरू उघडपणे उरला नाही. १९८८ मध्ये प्योंगयांगला एक कॅथलिक चर्च बांधले गेले, पण तिथे राहणारा धर्मगुरू नाही.

व्हॅटिकन दरवर्षी जगभरच्या धर्मप्रांतांची आणि बिशपांची एक जाडजूड सूची प्रसिद्ध करते. १९६२ मध्ये, म्हणजे बिशप होंग यांना पकडून तेरा वर्षे झाल्यावर, प्योंगयांगला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा देण्यात आला आणि बेपत्ता असलेल्या याच माणसाला त्याचे बिशप म्हणून नेमण्यात आले. पुढे वर्षामागून वर्षे सूचीत त्यांचे नाव छापले जात राहिले आणि नावापुढे एवढेच: बेपत्ता. २०१३ पर्यंत. तोवर ते हयात असते तर शंभरीच्याही पुढे गेले असते. व्यवहारी माणूस म्हणेल, हा नुसता कागदी सोपस्कार. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या राजवटीने एक माणूस आणि एक धर्मप्रांत पुसून टाकला, तिला दरवर्षी शांतपणे सांगितले जात होते की, तुमच्या पुसण्याने तो पुसला जात नाही. आज होंग आणि त्यांच्या सोबत्यांना रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित घोषित करण्याची प्रक्रिया चालू आहे.

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या मुलाच्या दाखल्यात थोरला मुलगा रागाने घराबाहेर उभा राहतो. तो बापाशी बोलताना 'माझा भाऊ' म्हणत नाही. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो (लूक १५:३०). बाप त्याला रागावत नाही. उत्तर देताना मात्र तो थोरल्याने टाळलेला शब्द हळूच परत त्याच्या हातात ठेवतो. भाऊ हा शब्द थोरल्याने उच्चारला नाही म्हणून नाते संपले नव्हते, कारण ते त्याने केलेच नव्हते. ते बापामुळे होते. कराराला दोन सह्या लागतात आणि एकाने फाडला की करार संपतो. भाऊपणाला सही लागत नाही. म्हणून ते रद्दही करता येत नाही, फक्त नाकारता येते. वाटणीनंतर अंगणात भिंत घालून वर्षानुवर्षे न बोलणारी घरे आपल्याही आळीत आहेत. तरीही तिथे मयत झाली की खांदा द्यायला भिंतीपलीकडचा येतोच.

पण नाते टिकवणे म्हणजे 'त्याने माफी मागावी, मग पाहू' असे म्हणत बसणेही नव्हे. सीमेजवळ पाजू येथे २०१३ मध्ये एक चर्च उभे राहिले. बाहेरून ते उत्तरेतल्या सिनुइजू येथील जुन्या चर्चच्या धर्तीवर आहे, आतून तोकवनच्या मठातील चर्चच्या धर्तीवर. जे पलीकडे नष्ट झाले, ते अलीकडे बांधले. आतील ख्रिस्ताचे मोझेइक चित्र उत्तर कोरियाच्या कलाकारांनी चीनमध्ये बसून घडवले. आणि त्या चर्चचे नाव? विजय नाही, स्वातंत्र्य नाही. 'पश्चात्ताप आणि प्रायश्चित्ताचे चर्च'. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांनी पश्चात्ताप कशासाठी करायचा, असे कोणीही विचारील. दक्षिणेतल्या श्रद्धावंतांना ते ठाऊक आहे. १९५० च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या पोलिसांनी आणि सैन्याने हजारो नागरिकांना केवळ डाव्या विचारांच्या संशयावरून गोळ्या घातल्या. कित्येक दशके त्याबद्दल बोलण्याचीही चोरी होती. २००५ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने ते नोंदवले. भावाच्या वतीने पश्चात्ताप करता येत नाही. स्वतःच्या वतीने करता येतो, आणि त्यासाठी भावाने आधी करावा अशी अट लागत नाही.

१८ ऑगस्ट २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सोलच्या म्योंगदोंग कॅथेड्रलमध्ये शांती आणि सलोख्यासाठी मिस्सा अर्पण केली. शुभवर्तमान होते पेत्राच्या प्रश्नाचे: किती वेळा क्षमा करायची? त्या मिस्सेमुळे सीमेवरची एक तारही सैल झाली नाही, हे खरे आहे. त्याच कॅथेड्रलमध्ये १९९५ पासून दर मंगळवारी संध्याकाळी याच हेतूने मिस्सा होते. २०१५ पासून सोलच्या धर्मप्रांताने आणखी एक उपक्रम चालवला आहे. फाळणीपूर्वी उत्तरेत पन्नासहून अधिक धर्मग्राम होते. श्रद्धावंताने त्यांपैकी एक आपल्या मनात घ्यायचा आणि त्यासाठी रोज प्रार्थना करायची. ज्या गावाचे नाव मिळते तिथे आज चर्च नाही, धर्मगुरू नाही, तिथे कोणी श्रद्धावंत उरला आहे की नाही हेही ठाऊक नाही. प्रार्थना करणाऱ्याने ते गाव कधी पाहिलेले नसते. तो रोज त्याचे नाव घेतो.