उन्हाचा बळी आणि कर्माची सबब



वैशाखाच्या उन्हात वीटभट्टीवर राबणारा एखादा माणूस चक्कर येऊन पडतो आणि पुन्हा उठत नाही. वस्ती जमते. कोणी म्हणते, "त्याचे दिवस भरले होते." कोणी म्हणते, "मागल्या जन्मीचे भोग!" आपण धम्मदीक्षा घेतली, घरातील देव बाहेर काढले, पण हे वाक्य अजून आपल्या जिभेवर ठाण मांडून आहे. ते खरे आहे काय?

मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना हाच प्रश्न केला होता. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्माचेच फळ, असे काहीजण सांगतात. आपले मत काय? संयुत्तनिकायात त्याचे उत्तर आहे. पित्त, कफ, वात, या तिहींचा एकत्र प्रकोप, ऋतूतील बदल, शरीराची हेळसांड, अकस्मात झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे तथागतांनी सांगितली. कर्म हे आठांतील केवळ एक! सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे अनुभवाला सोडून बोलतात, असे त्यांनी बजावले. पूज्य बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांतच नाकारला.

ऋतूतील बदल हे कारण तथागतांनी त्या काळी ओळखले. आज तर माणसानेच ऋतू बदलला आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून निघणारा कार्बन वायू पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. कारखाने वाढण्यापूर्वीच्या काळाशी तुलना करता २०२४ साली जगाचे सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने अधिक होते. आकडा लहान दिसतो, पण त्याने उन्हाच्या लाटा वाढतात व लांबतात. घाम वाळला की शरीर निवते. हवा दमट असली की घाम वाळत नाही. मग हृदयावर ताण पडतो, मूत्रपिंडे बिघडतात आणि अखेर मेंदू भ्रमतो.

मग हे कर्म कोणाचे? सर्वाधिक इंधन जाळणारा गार खोलीत बसतो. पत्र्याखाली राहणारा, उन्हात खपणारा मरतो. कर्म एकाचे, फळ दुसऱ्याला! अशा वेळी मागल्या जन्माकडे बोट दाखवणे म्हणजे या जन्मीच्या जबाबदाराला सोडून देणे होय. अस्पृश्यतेचे समर्थन याच युक्तीने झाले, हे आपण विसरावे काय?

अहमदाबादचे उदाहरण घ्या. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली. २०१३ साली महानगरपालिकेने योजना आखली: आगाऊ इशारा, पिण्याच्या पाण्याची सोय, डॉक्टर-परिचारिकांना शिक्षण. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंगही दिला. त्यानंतर उष्ण दिवसांतील मृत्यू घटल्याचे अभ्यासात आढळले. चुन्याच्या एका हाताने मागल्या जन्मीचे पाप धुतले गेले काय? नाही. दुःखाला कारण होते, ते हटवता येत होते, म्हणून ते हटले. हाच तर धम्म!

तेव्हा उन्हाने कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर अंगारा शोधू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मुकादमाकडे सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी मागा. ती भीक नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्यासाठी झटून मजुराचा विसावा हा हक्क ठरवला.

महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या वाडवडिलांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तो माणुसकीसाठी. यंदाच्या वैशाख पौर्णिमेला विहाराच्या दारात पाणपोई घाला. आणि येणाऱ्या तहानलेल्याला त्याची जात विचारू नका.