वाट्याचं मटण

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा खास हंगाम असतो. बंदूक चकमकीवर उडणारीच हवी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, कापडात गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची. बार एकच. चुकला की पुन्हा ठासेपर्यंत हरीण पसार.

गेल्या वर्षी शेजाऱ्यासोबत मी नुसता बघायला गेलो. तो, त्याची मुलगी, मेहुणा, दोन मित्र. तीन तास थंडीत. दोन हरणं त्याने जाऊ दिली, नेमाची खात्री नव्हती म्हणून. मग बार झाला. धूर विरला तेव्हा मादी पडलेली. कोणी ओरडलं नाही. मुलीने हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवला.

हा संयम मला आवडला. पण हरणाला त्याचं काय? हाल कमी झाले असतील, जीव गेलाच.

संध्याकाळी गॅरेजमध्ये वाटे पडले, एक मलाही. तेव्हा वाल्या कोळी आठवला. त्याच्या घरच्यांना लूट चालायची, पापातला वाटा नको होता. पुण्यात रविवारी मटणाच्या रांगेत उभा राहायचो तो मी त्याच घरचा. फक्त मला कधी कोणी विचारलं नव्हतं. इथल्यांनी निदान मरण डोळ्यांनी पाहिलं. पण पाहिल्याने पाप वाटलं जातं, की नुसतं जेवण गोड लागतं?

रात्री आईला फोनवर सांगितलं.

"तू मारलंस?"

"छे गं, मी नुसता उभा होतो," मी घाईघाईने म्हणालो. पिशवी फ्रीजरमध्ये होती.