रोवणीचा महिना आणि बाईचं शरीर

जुलैचा दुसरा आठवडा उलटला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी या झाडीपट्टीत दिवसा बाई घरी सापडत नाही. ती धानाच्या बांधीत असते. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं तयार असतात, चिखलणी झालेली असते आणि पाऊस कधी दडी मारेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे रोवणी जितकी लवकर उरकेल तितकी बरी. गावातल्या बायांची टोळी एकरामागे भाव ठरवून गुत्ता घेते. गुत्त्यात दिवस मोजत नाहीत, रोवलेली जमीन मोजतात. म्हणून जेवणाची सुट्टी आपोआप आखडते, पाणी प्यायला बांधावर यायचंही टाळलं जातं. दिवसभर पोटरीभर चिखलात कमरेतून वाकून मागे मागे सरकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवायची, असा हा महिना-दीड महिना जातो. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे उन्हाळी धानासाठी हीच रोवणी थंडीत पुन्हा करावी लागते.

याच दिवसांत घरातली कोठी तळाला गेलेली असते. मागचं धान नोव्हेंबर-डिसेंबरात आलेलं, त्यातलं बरंचसं विकून झालेलं. मे महिन्यात तेंदूपानांचे आलेले पैसे बी-बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं यांत संपलेले. स्वस्त धान्य दुकानातून माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. त्याचा हिशेब केला तर दिवसाला 580 उष्मांकांच्या आसपास भरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली ठरवलेल्या प्रमाणानुसार बैठं काम करणाऱ्या स्त्रीला 1660 उष्मांक लागतात, अवजड काम करणारीला 2720. अंगावर दूध पिणारं बाळ असेल तर पहिल्या सहा महिन्यांत आणखी 600. बाकीचा खड्डा विकतच्या तांदळाने, थोड्या डाळीने आणि पोट भरल्याच्या भासाने बुजवायचा.

वर्षातलं सगळ्यात जड काम, सगळ्यात रिकामी कोठी आणि सगळ्यात कमी झोप या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात एकाच शरीरावर येतात. बाईच्या संप्रेरकांची बिघडलेली घडी हा तिच्या एकटीचा आजार समजला जातो. मला तो हंगामी कामाच्या या पंचांगाचा परिणाम वाटतो. तसं असेल तर इलाजही पंचांग बघूनच करावा लागेल.

शरीर हे गणित कसं करतं ते समजून घेण्यासारखं आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे ठोके सोडतो. त्या ठोक्यांवर पिट्युटरी ग्रंथी चालते, तिच्या इशाऱ्यावर बीजकोश. हे ठोके किती वेगाने पडावेत हे शरीरात शिल्लक किती ऊर्जा आहे यावर ठरतं. अमेरिकेतल्या संशोधक अ‍ॅन लाउक्स यांनी निरोगी तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. श्रमात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 30 उष्मांकांपेक्षा कमी उरले की हे ठोके विस्कळीत होतात, असं त्यांना आढळलं. त्याला अवघे पाच दिवस पुरतात. आरमोरीकडच्या 45 किलो वजनाच्या बाईला हा हिशेब लावून पाहिला तर तिच्या शरीरासाठी हजारभर उष्मांक शिल्लक राहायला हवेत. दिवसभराची रोवणी माझ्या अंदाजाने तेवढेच उष्मांक खाते. म्हणजे दोन हजारांच्या खाली जेवण गेलं की शरीर काटकसरीला लागतं. प्रयोगशाळेतल्या मुलींचा आकडा शेतातल्या प्रत्येकीला तंतोतंत लागू पडेल असं नाही, पण दिशा तीच आहे.

ही काटकसर दिसत नाही, हाच तिचा सगळ्यात मोठा धोका. पाळी लगेच थांबत नाही. महिन्याच्या महिन्याला येत राहते, पण बीज नीट सुटत नाही, पाळीचक्राच्या उत्तरार्धात लागणारं प्रोजेस्टेरॉन कमी पडतं. थायरॉइडचं काम मंदावतं, म्हणून अंग गार पडतं आणि थकवा हटत नाही. दीर्घकाळ इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडं विरळ होऊ लागतात. बाईला विचारलं तर ती म्हणते, सगळं बरं आहे. तिच्या माहितीप्रमाणे ते खरंही असतं.

दूरच्या दोन प्रदेशांकडे पाहिलं तर हे अधिक उमजतं. काँगोतल्या इटुरी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या लेसे शेतकरी बायांच्या लाळेतलं प्रोजेस्टेरॉन पीटर एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. पीक हाती येण्याआधीच्या भुकेच्या महिन्यांत बायांचं वजन उतरायचं आणि बीजकोशांचं कामही मंदावायचं. पोलंडच्या डोंगराळ खेड्यांतलं ग्राझिना याशिएन्स्का यांचं काम मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. तिथल्या शेतकरी बाया उपाशी नव्हत्या, त्यांचं वजनही घटलं नव्हतं. तरीही उन्हाळ्यातल्या कापणीच्या, गवत कापण्याच्या महिन्यांत ज्यांना जास्त राबावं लागे त्यांचं प्रोजेस्टेरॉन खाली यायचं. पोटभर खाणाऱ्या बाईचं शरीरही निव्वळ कष्टाला असं उत्तर देत असेल, तर अर्धपोटी राबणाऱ्या बाईच्या शरीराचं काय होत असेल?

आपल्या महाराष्ट्रातही याचा धागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा दीर्घ अभ्यास केला. गरोदरपणात शेतीची आणि घरची जड कामं जास्त करणाऱ्या आयांची बाळं लहान जन्मली. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं त्या मानाने मोठी होती. पाण्याचे हंडे, निंदण आणि रोवणी यांना बाळंतपणाच्या कार्डावर रकाना नसतो, पण बाळाच्या वजनात ती उतरतात.

खेड्यातल्या बाईच्या दुखण्याचा विषय तर जगाच्या वैद्यकशास्त्रापुढे ठेवला गेला तो गडचिरोलीतूनच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली आणि 1989 च्या जानेवारीत 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. 92 टक्के बायांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता. त्याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारची आणि शास्त्राची समज होती. या अभ्यासाने ती मोडली. रोवणीच्या चिखलात पाळीचं ओलं कापड घेऊन दिवस काढणारी, आडोसा नाही म्हणून लघवी दाबून ठेवणारी, ती लागू नये म्हणून पाणी कमी पिणारी बाई डोळ्यांपुढे आणली की तो निम्मा भार कुठून येतो ते कळायला वेळ लागत नाही.

पोषणाची गोष्ट इथे फक्त दारिद्र्याची नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. झाडीपट्टीचं मूळ ताट चांगलं होतं आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. तलावातले मासे, वाळवलेले झिंगे, बांबूचे वास्ते, पातूर, तरोटा, अंबाडी, जवसाची चटणी, मोहफुलं, आणि धानाच्या बांधीतच उतेरा म्हणून पेरलेली लाखोळी. अनेक वर्षं विक्रीबंदी सोसलेल्या या डाळीबद्दल मतभेद आहेत. दुष्काळात निव्वळ तिच्यावरच राहिलं तर पायांना पांगळेपण येतं हे खरं, पण ताटातली एक डाळ म्हणून गरिबाच्या प्रथिनांची ती मोठी सोय होती. आता तणनाशक मारलेल्या बांधावर भाजी उगवत नाही आणि ताटात नुसता भात वाढत जातो. भातावर लगेच चहा घेतला की उरलंसुरलं लोहही अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या रक्तक्षयी स्त्रियांचं प्रमाण 2015-16 साली 48 टक्के होतं, ते 2019-21 च्या फेरीत 54.2 टक्क्यांवर गेलं. गडचिरोलीत त्यात हिवताप आणि सिकलसेल यांची भर, अनवाणी चिखलात उभं राहिल्याने अंगात शिरणाऱ्या आकडेकृमीची भर. गोळ्या वाटणं आवश्यकच आहे, पण फक्त लोहाच्या गोळीने हे सगळं भरून निघेल असं मानणं चूक आहे.

भूक मारायला खर्रा आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना यांचा हा घोटलेला माल आणि दाताला लावायची नस, दोन्ही बायांच्या कनवटीला असतात. निकोटिन भूक दाबतं, हे शास्त्र सांगतं. बांधीतल्या बाईला ते शास्त्राआधी कळलेलं आहे. जिल्ह्यात 2016 पासून चालू असलेलं 'मुक्तिपथ' अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध नेटाने काम करतं. त्या कामाचं मोल मोठं आहे. पण दुपारी दोन वाजता हातात भाकरी नसलेल्या बाईला खर्रा सोड म्हणताना त्या जागी आपण काय देतो, हे विचारलं पाहिजे.

ताणाबद्दल बोलताना शहरातली मासिकं कार्यालय, रहदारी आणि मोबाइल यांच्यावर थांबतात. इथला ताण वाघाचा आहे. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागात 13 माणसं मारलेला सीटी-1 वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडशाच्या जंगलात पकडला गेला. 10 मे 2025 रोजी चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच वेळी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या बाया पहाटे पुन्हा जंगलात जातात, कारण तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवडे चालतो आणि सत्तर पानांचा पुडा फळीवर पोचल्याशिवाय पैसा होत नाही. जिवाच्या भीतीत शरीर कॉर्टिसॉल सोडतं. ते तासाभरासाठी असेल तर जीव वाचवतं. हंगामभर ते उतरलंच नाही तर झोप मोडतं, साखर बिघडवतं आणि बीजकोशाला चालवणारे ते ठोके आणखी मंद करतं. तेंदू संपला की पऱ्हे, पऱ्हे संपले की पूर. 2020 च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची रोवलेली बांधी पाण्याखाली गेली. पुन्हा रोवायला माणसं तीच, हात तेच.

दिवाळीनंतर याच भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्यांतल्या नट्या रात्रभर रंगमंचावर उभ्या असतात आणि दिवसा पुढच्या गावाच्या प्रवासात. झोपेचं घड्याळ उलटं फिरलं की संप्रेरकांचंही फिरतं. त्यांच्या आरोग्यावर कुणीतरी स्वतंत्रपणे लिहिलं पाहिजे.

कामाच्या वेळापत्रकाला बाईचं शरीर कुठवर कापून दिलं जातं, याचं टोक बीडने दाखवलं. 2019 साली राज्याच्या आरोग्य विभागाने ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायांची पाहणी केली, त्यांपैकी 13,861 बायांचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा झाला की पैसे कापले जातात आणि पाळीत खाडा होतो, म्हणून पाळीच काढून टाकायची. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही गेले तर हाडांचा, हृदयाचा आणि मनाचा आधार एका दिवसात निघून जातो. आरमोरीत हे टोक नाही. तर्क मात्र ओळखीचा आहे.

अन्न आणि झोप आधी ठरवून काम कसं करतात, हे बघायला आता जरा समुद्राकडे पाहू. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नौकेवर निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 ला परतल्या. त्यांचं धाडस वादातीत आहे. अशा सफरीत कोण किती वेळ पहाऱ्यावर राहील, कोण कधी झोपेल, महिन्यांचा शिधा किती, हे किनारा सोडण्याआधी ठरवावं लागतं, नाहीतर नौका परत येत नाही. व्यापारी जहाजांवर आणि भाड्याने चालणाऱ्या यॉटवर काम करणाऱ्यांसाठी तर 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. भारताने तो 2015 साली मान्य केला. चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती, आणि जहाजावर असेपर्यंत पुरेसं, पौष्टिक अन्न व पाणी मालकाच्या खर्चाने, असं त्यात लिहिलं आहे. त्याची अंमलबजावणी सगळीकडे होते असं कुणी म्हणणार नाही. पण राबणाऱ्या शरीराचं अन्न आणि झोप ही कामाचाच भाग आहे, ती मजुरीतून ज्याने त्याने भागवायची खासगी बाब नव्हे, एवढं कागदावर तरी मान्य झालं आहे. बांधीतल्या बाईसाठी असा एकही कागद नाही. 1961 चा मातृत्व लाभ कायदा आस्थापनांना लागू होता, टोळीला नव्हता.

सरकारला पंचांग कळत नाही असंही नाही. आदिवासी कुटुंबांची पावसाळ्यात उपासमार होऊ नये म्हणून 1978 पासून खावटी कर्जाची योजना होती. 2020 मध्ये तीच योजना 4000 रुपयांच्या अनुदानाच्या रूपाने परत आली. योजनेमागचं निदान अचूक होतं, पण मदत कुटुंबाच्या नावाने पोचली, बाईच्या ताटापर्यंत पोचायची हमी तिच्यात नव्हती. अनुसूचित क्षेत्रात 2015 पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ही माझ्या मते राज्याच्या चांगल्या योजनांपैकी एक. फक्त ते जेवण दुपारी अंगणवाडीत असतं, आणि जुलैच्या दुपारी ती बाई दोन-तीन किलोमीटरवरच्या बांधीत.

हंगाम साधून अन्न दिलं तर काय होतं, याचा पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाने दिला आहे. तिथल्या 28 गावांत गरोदर बायांना रोज भाजलेले शेंगदाणे, तांदळाचं पीठ, साखर आणि शेंगदाण्याचं तेल यांची बिस्किटं दिली गेली, दिवसाला साधारण हजार उष्मांकांची. 1997 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष आले. पीक हाती असलेल्या महिन्यांत बाळांचं वजन सरासरी 94 ग्रॅमने वाढलं, भुकेच्या आणि शेतीकामाच्या महिन्यांत 201 ग्रॅमने. तेच बिस्किट, पण गरजेच्या महिन्यात दुप्पट अंगी लागलं.

त्या बिस्किटातला एकही पदार्थ आरमोरीच्या बाजारात नवा नाही. बचत गटांच्या बाया शेंगदाण्याचे, मोहफुलांचे लाडू करू शकतात. गुत्त्याची बोलणी जूनमध्ये, पऱ्हे टाकतानाच सुरू होतात. एकराचा भाव ठरवताना दुपारच्या तासाभराच्या सुट्टीची आणि बांधावरच्या जेवणाची बोली त्यात घालता येते. ग्रामसभेने एकदा ठराव केला तर एकट्या शेतकऱ्यावर महाग पडल्याचा ठपका येत नाही. रोजगार हमीच्या कामावर सावली, पाणी आणि पाळणाघर द्यावं लागतं, तेच मोठ्या शिवारात एखाद्या झाडाखाली रोवणीपुरतं उभं करता येईल. अमृत आहाराचं जेवण जुलै-ऑगस्टात डब्यात भरून बांधीपर्यंत न्यायचं तर अंगणवाडी मदतनिसाला वाढीव मानधन द्यावं लागेल, आणि त्याची तरतूद पाऊस पडल्यावर करून चालणार नाही, मार्चच्या अर्थसंकल्पातच करावी लागेल.